शनिशिंगणापूर : १६७ की ११४? कामावरून काढलेल्या माणसांची बातमी आपल्यापर्यंत कशी पोहोचली

मुळाकाठ (धागालेखिका)

जून २०२५ मध्ये शनिशिंगणापूरच्या श्री शनैश्वर देवस्थान ट्रस्टने १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढले आणि त्यांपैकी ११४ जण मुस्लिम होते. त्याआधी मे महिन्यात शनिमूर्तीच्या चौथऱ्याच्या परिसरात काम करणाऱ्या मुस्लिम कामगारांची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली होती. त्यावरून हिंदुत्ववादी संघटनांनी आक्षेप घेतला, देवस्थानातील मुस्लिम कर्मचाऱ्यांना हटवावे अशी मागणी केली आणि १४ जूनला मोर्चाचा इशारा दिला. मोर्चाच्या आदल्याच दिवशी कारवाईची माहिती बाहेर आली. देवस्थानाने कारण म्हणून धर्माचा उल्लेख केला नाही. अनियमित हजेरी आणि बेशिस्त हे कारण दिले. मुस्लिम कर्मचारी प्रत्यक्ष मंदिरात नव्हतेच, ते शेती, कचरा व्यवस्थापन, शिक्षण अशा विभागांत होते, असेही देवस्थानाच्याच बाजूने सांगण्यात आले होते.

मी नेवासे तालुक्यातली आहे. सोनई, घोडेगाव, शिंगणापूर या पट्ट्यात देवस्थानातली नोकरी म्हणजे काय असते, हे मला ठाऊक आहे. पगार फार नसतो, पण तो बारा महिने येतो, आणि घरी राहून, असलेली थोडीफार शेती सांभाळून ती नोकरी करता येते. स्थळ बघायला आलेली माणसे कारखान्यात हंगामी असलेल्या मुलापेक्षा देवस्थानात लागलेल्या मुलाला झुकते माप देतात, ते यासाठीच. अशी नोकरी १६७ घरांतून गेली. तालुक्याच्या मानाने ही लहान गोष्ट नव्हे.

त्या वेळच्या बातम्या मी जपून ठेवल्या होत्या. अलीकडे त्या पुन्हा सलग वाचल्या. मथळे ढोबळमानाने दोन प्रकारचे दिसतात. एका प्रकारात ११४ हा आकडा आणि ‘मुस्लिम’ हा शब्द पुढे असतो, तर दुसऱ्या प्रकारात १६७ हा आकडा आणि ‘शिस्तभंगाची कारवाई’ पुढे असते. दोन्ही मथळ्यांत खोटे काही नाही, आणि तरीही दोन्ही वाचून काय घडले ते कळत नाही. पहिल्या मथळ्यातून ५३ माणसे गळून पडतात. दुसऱ्यातून, ज्या मागणीनंतर आणि ज्या मोर्चाच्या तोंडावर ही कारवाई झाली, ती मागणी आणि तो मोर्चा गळून पडतो.

मला सर्वांत जास्त खटकते ते त्या ५३ जणांचे नाहीसे होणे. ते कोण होते? ते खरोखरच महिनोन्महिने कामावर येत नव्हते का? तसे असेल, तर गैरहजेरीचे कारण काही प्रमाणात तरी खरे ठरते, आणि मग ११४ जणांच्या हजेरीची त्यांच्याशी तुलना करता येते. की कारवाई एकाच धर्माच्या लोकांवर झाली असे दिसू नये, म्हणून त्यांना यादीत घातले गेले? तसे असेल, तर ती माणसे दुसऱ्यांच्या भांडणात विनाकारण भरडली गेली आणि त्यांची साधी दखलही कोणी घेतली नाही. यांपैकी खरे काय, हे कोणाच्या भावनेवरून किंवा विचारसरणीवरून ठरणार नाही. ते हजेरीपटावरून ठरेल, पगारपत्रकावरून ठरेल, कारणे दाखवा नोटीस कोणाला, कोणत्या तारखेला दिली गेली आणि तिला कोणी काय उत्तर दिले, यावरून ठरेल. गैरहजर राहणारे जे कर्मचारी काढले गेले नाहीत, असे कोणी आहेत का, हाही त्यातलाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण ज्या कसुरीसाठी एकाची नोकरी जाते आणि दुसऱ्याची राहते, तिथेच भेदभाव आहे की नाही ते उघडे पडते.

माझ्या वाचनात आलेल्या एकाही बातमीत हजेरीपटाचा शोध घेतलेला नव्हता. संघटनांचे म्हणणे होते, देवस्थानाचे म्हणणे होते, राजकीय पक्षांच्या प्रतिक्रिया होत्या, दूरचित्रवाणीवर चर्चा झाल्या. काढलेल्या माणसाचे म्हणणे असलेच तर शेवटच्या परिच्छेदात, नाव न छापता, एका वाक्याचे. तो किती वर्षे कामाला होता, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता का, शेवटचा पगार मिळाला का, यांतले काहीही नाही. हीच कपात चाकणच्या एखाद्या कारखान्यात झाली असती, तर कामगार आयुक्तांचे नाव पहिल्या दिवसापासून बातमीत आले असते, असे मला वाटते. इथे मंदिर होते आणि धर्म होता, त्यामुळे या माणसांची नोकरी होती ही गोष्टच बाजूला पडली. २०१६ मध्ये स्त्रियांच्या चौथरा-प्रवेशाच्या वेळी याच गावात वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली होती आणि गुढीपाडव्याला प्रवेश मिळेपर्यंत ती हलली नव्हती. तो पाठपुरावा योग्यच होता. तसा पाठपुरावा या १६७ जणांच्या वाट्याला आला नाही.

कामाच्या ठिकाणी धर्मावरून होणारा भेदभाव हा श्रद्धेचा विषय होण्याच्या आधी मजुरीचा, पगाराचा आणि नोकरीच्या शाश्वतीचा विषय असतो, असे मला मनापासून वाटते. तो तसा मांडला गेला नाही, तर वाचक आपापल्या बाजूला उभे राहतात आणि माणूस घरी बसतो. येथे पत्रकार, वकील आणि कामगार चळवळीत काम केलेले सभासद आहेत, म्हणून हा विषय मांडला.


जुना उपसंपादक

ताई, तुमचा आक्षेप योग्य आहे. मी बरीच वर्षे एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढली आहेत. तुम्ही म्हणता तसे का घडते, ते आतून सांगतो.

तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला थोडेसे मानधन असते आणि त्याची खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर चालते. मोठे देवस्थान हा त्याच्या भागातला महत्त्वाचा जाहिरातदार असतो. यात्रेची, जयंतीची, अमावास्येची पुरवणी निघते, तेव्हा पहिल्या पानाची जाहिरात तिथूनच येते. त्या वार्ताहराला मी दोष देत नाही. त्याने विश्वस्तांच्या कार्यालयात जाऊन हजेरीपट दाखवा म्हणावे, अशी अपेक्षा करणाऱ्या संपादकाने आधी त्याच्या घरखर्चाची सोय करायला हवी.

दुसरी अडचण डेस्कची. अशी बातमी येते ती संध्याकाळी, भ्रमणध्वनीवर, तुकड्यातुकड्यांनी. डाक आवृत्तीचे, म्हणजे लांबच्या गावांना जाणाऱ्या आणि आधी छापल्या जाणाऱ्या अंकाचे, पान लवकर सोडायचे असते. उपसंपादक बघतो की आक्षेप घेणाऱ्या संघटनेचे निवेदन आहे, देवस्थानाचा खुलासा आहे, म्हणजे दोन्ही बाजू आल्या, बातमी पूर्ण झाली. आमच्या हिशेबात काढलेला कामगार ही ‘बाजू’ नव्हतीच. त्याच्याकडे लेटरहेड नसते, प्रसिद्धिप्रमुख नसतो, आणि परत कामावर घेतील या आशेवर तो असल्यामुळे तो बोलायलाही तयार नसतो. वादाच्या दोन बाजू आम्ही इमानदारीने छापल्या, पण ज्याच्यावरून वाद चालला होता तो माणूस त्या दोन्हींच्या बाहेर राहिला.

कामगार क्षेत्राचे स्वतंत्र वार्तांकन आपल्याकडे एके काळी होते. मुंबईच्या गिरण्या चालू असताना कामगार न्यायालयात रोज जाऊन बसणारे बातमीदार मी पाहिले आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तसे ते कामही आटले. आज जिल्ह्याच्या पातळीवर कारणे दाखवा नोटीस आणि आरोपपत्र यांतला फरक जाणणारा बातमीदार सापडणे अवघड आहे. त्यामुळे नोकरीतल्या भेदभावाची बातमी आपोआपच राजकीय बातमीदाराकडे किंवा गुन्हे पाहणाऱ्याकडे जाते. आपल्याला जे विचारता येते तेच ते विचारतात.


देवगिरी

लेखिकेचा रोख एकतर्फी वाटला. मंदिर हे काही कारखान्यासारखे ठिकाण नाही. भाविकांनी अर्पण केलेल्या पैशातून चालणाऱ्या संस्थेने त्या देवावर श्रद्धा असलेली माणसेच कामाला ठेवावीत, यात गैर काय आहे? तिरुमला तिरुपती देवस्थानात हा नियमच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे १८ अन्यधर्मीय कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि त्यांना बदली किंवा स्वेच्छानिवृत्ती असे पर्याय दिले गेले. इतर धर्मांच्या संस्थाही आपल्याच समाजातल्या लोकांना प्राधान्य देतात, त्याच्या बातम्या का होत नाहीत? माध्यमे ११४ हा आकडा ठळक करतात, तेव्हा हेतू कर्मचाऱ्यांना न्याय देण्याचा असतो की हिंदू देवस्थानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा, हाही प्रश्न विचारला पाहिजे. बाकी त्या ५३ जणांविषयीचा मुद्दा मला पटला. त्यांच्याविषयी मीही कुठे वाचले नाही.


श्रमसंहिता

देवगिरी यांनी उपस्थित केलेला अधिकाराचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याचे उत्तर कायद्याच्या अंगाने द्यायला हवे. संविधानाच्या अनुच्छेद १६ च्या पाचव्या खंडानुसार, धार्मिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पद धारण करणारी व्यक्ती विशिष्ट धर्माचीच असावी, असे एखाद्या कायद्याने ठरवता येते. तिरुपतीचे उदाहरण त्याच चौकटीत बसते. तिथे नियम आधी लिहिलेला आहे आणि नोकरी स्वीकारणाऱ्याला तो माहीत असतो. त्या नियमाशी आपण सहमत असू किंवा नसू, पण तो उघड आहे.

शिंगणापूरच्या बाबतीत देवस्थानाने या अधिकाराचा आधार घेतलाच नाही. आम्हाला हिंदू कर्मचारीच हवेत, असे त्यांनी म्हटले नाही. गैरहजेरी आणि बेशिस्त असे म्हटले. एकदा मालकाने गैरवर्तन हे कारण दिले, की त्याला त्या कारणाच्याच कसोटीला उतरावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब कामावरून काढण्याविषयी आहे. सूडबुद्धीने काढणे, अधिकाराचा केवळ देखावा करून काढणे, उघड खोटे कारण देऊन काढणे आणि चौकशीत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धाब्यावर बसवून काढणे, या सगळ्यांना तिथे अनुचित प्रथा म्हटले आहे. विशेष म्हणजे, रजेशिवाय गैरहजर राहिल्याचा खोटा किंवा रचलेला आरोप ठेवून काढणे, ही त्याच बाबीतली स्वतंत्र उपबाब आहे. म्हणजे ज्या कारणाची इथे चर्चा चालली आहे, त्याचा कायदा करणाऱ्यांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी विचार केलेला होता.

एक अडथळा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. हा कायदा ‘उद्योगा’ला लागू होतो आणि देवस्थान हा उद्योग आहे का, यावर न्यायालयांत वाद आहे. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ मध्ये उद्योगाची व्याख्या फार व्यापक केली, पण निव्वळ धार्मिक कामकाजाबद्दल मतभेद राहिलेच. देवस्थानाची शेती, स्वच्छता, शाळा यांतल्या कर्मचाऱ्याची बाजू पुजाऱ्यापेक्षा निश्चितच भक्कम ठरेल. म्हणूनच मुस्लिम कर्मचारी मंदिरात नव्हते, इतर विभागांत होते, हे जे वाक्य बातम्यांत आले, ते कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे होते. बहुतेक ठिकाणी ते केवळ स्पष्टीकरण म्हणून छापले गेले.


सोलापुरी चादर

हा धागा वाचून दोन दिवस विचार केला, मग लिहायला बसलो. मी मुसलमान आहे, सोलापूरचा आहे, पुण्यात हिशेबनीस म्हणून काम करतो. घरात आम्ही दखनी बोलतो आणि शिक्षण सगळे मराठीतून झाले.

माझ्याबरोबर जे झाले त्यात कोणी मोर्चा काढला नाही, कोणी घोषणा दिल्या नाहीत. एका व्यापारी पेढीत लेखापालाची जागा होती. दूरध्वनीवर बोलणे झाले, जीएसटीच्या विवरणपत्रांविषयी, टॅलीविषयी विचारले गेले, बोलणारे गृहस्थ खूश दिसले, सोमवारी या म्हणाले. मग त्यांनी नाव लिहून घेतले. मी नाव सांगितले, तेव्हा त्यांनी पूर्ण नाव विचारले. पूर्ण नाव सांगितल्यावर थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारले, “शुक्रवारी दुपारी तुम्हाला सुट्टी लागेल का?” मी म्हटले, जेवणाच्या सुट्टीत नमाज होते, वेगळी सुट्टी नको. ते म्हणाले, कळवतो. दुसऱ्या दिवशी जागा भरल्याचे कळवले गेले आणि पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा वर्तमानपत्रात होती.

मी एका ओळखीच्या पत्रकाराला हे सांगितले. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांनी काही लिहून दिले आहे का? एखादा ई-मेल, एखादा मेसेज? मग बातमी होईल.” लिहून दिलेले काही नव्हते. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पुराव्याशिवाय त्यांनी काय छापावे? पण तेव्हापासून मला हे कळले आहे की ज्याला भेदभाव करायचा आहे, त्याने फक्त कागदावर काही ठेवायचे नाही.


मुळाकाठ

तुम्ही लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार मानते. तुमच्या शेवटच्या वाक्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण गेल्या काही वर्षांत या विषयावर सर्वाधिक गाजलेली बातमी नेमकी त्याच्याशी जोडलेली आहे.

मे २०१५ मध्ये मुंबईतल्या एका तरुण व्यवस्थापन पदवीधराने हरी कृष्ण एक्स्पोर्ट्स या हिरे कंपनीकडे अर्ज केला आणि त्याला ई-मेलने उत्तर आले की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. हे उत्तर त्याने समाजमाध्यमावर टाकले आणि देशभर बातमी झाली. कंपनीने माफी मागितली आणि मनुष्यबळ विभागातल्या एका शिकाऊ कर्मचाऱ्याची ही चूक असल्याचे सांगितले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम १५३-ब खाली. हे कलम नोकरीविषयी नव्हते. एखाद्या वर्गाला त्याच्या धर्मामुळे नागरिकत्वाचे हक्क नाकारावेत, असे बोलणे किंवा प्रसिद्ध करणे हा त्यातला गुन्हा होता. खासगी मालकाने धर्मावरून नोकरी नाकारण्याला थेट लागू होईल असा सर्वसमावेशक कायदाच आपल्याकडे नाही. अनुच्छेद १५ आणि १६ यांचा भर राज्यसंस्थेवर आणि सरकारी नोकरीवर आहे. म्हणून जे लिहिले गेले त्याबद्दल गुन्हा नोंदवावा लागला. जे केले गेले, त्यासाठी नोंदवायला कलमच नव्हते. उत्तर न देता तोच अर्ज केराच्या टोपलीत गेला असता, तर गुन्हाही नव्हता आणि बातमीही नव्हती. त्या प्रकरणातली मला कायम आठवणारी गोष्ट अशी की त्याच्याबरोबर अर्ज करून निवडले गेलेल्या दोन हिंदू मित्रांनी त्या कंपनीत रुजू व्हायला नकार दिला. त्यांच्यातला एक मराठी होता.

लिहून न दिलेला नकार मोजता येत नाही असे मात्र नाही. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी याच कामासाठी एक पाहणी केली आणि ती ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवायचे, फरक फक्त नावाचा ठेवायचा, अशी ती पद्धत. मुलाखतीला बोलावले जाण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावासाठी सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावासाठी सुमारे एक तृतीयांश निघाली. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशन या मुस्लिम स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेने मुस्लिम आणि हिंदू स्त्रियांच्या नावाने अशीच पाहणी केली. एक हजार जागांसाठी प्रत्येकी एक अर्ज गेला, त्यात प्रियांका शर्मा या काल्पनिक नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तरे आली आणि हबीबा अली या नावाला १०३ ठिकाणांहून. अशा पाहण्यांची बातमी आतल्या पानावर एका स्तंभात येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. तिच्यात चेहरा नाही, चित्रफीत नाही, परस्परांवर आरोप करणारे दोन प्रवक्ते नाहीत. एका मूर्ख ई-मेलवर आठवडाभर चर्चा होते, आणि तसे हजारो नकार निमूटपणे दिले जातात हे दाखवणाऱ्या आकड्यांवर होत नाही. देवगिरी, यात कोणत्या धर्माला आरोपी करायचे हा प्रश्नच येत नाही. थोरातांच्या पाहणीत दलित नावालाही तोच अनुभव आला आहे, आणि महाराष्ट्रात आडनावावरून नवबौद्ध ओळखणारा मालक धर्म पाहतो की जात, याची फोड करत बसण्यात अर्थ नाही.


जयनगर चौथा ब्लॉक

मी बेंगळुरूत राहतो, म्हणून इथली एक गोष्ट नोंदवतो. ४ मे २०२१ रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या तेव्हा, महापालिकेच्या दक्षिण विभागाच्या वॉर रूममध्ये खासदार तेजस्वी सूर्या आणि त्यांच्याबरोबरच्या आमदारांनी कॅमेऱ्यासमोर सोळा-सतरा कर्मचाऱ्यांची नावे वाचली. खाटांच्या वाटपात गैरव्यवहार झाल्याचा आरोप होता. तिथे दोनशेहून अधिक लोक कामाला होते आणि वाचलेली नावे फक्त मुसलमानांची होती. त्यांना कामावरून दूर करण्यात आले, ती यादी घाणेरड्या मजकुरासह फोनवरून शहरभर फिरली. पुढे पोलिसांनी त्यांची चौकशी केली, त्यांचा सहभाग आढळला नाही, आणि त्यांतल्या अनेकांना परत कामावर बोलावले गेले. नावे वाचतानाची चित्रफीत वाहिन्यांवर दिवसभर चालली. परत बोलावल्याची बातमी मला शोधून वाचावी लागली. ज्याचे नाव दूरचित्रवाणीवर आरोपी म्हणून वाचले गेले, त्याला पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत काय सांगावे लागत असेल?


साउथॉलकर

इंग्लंडमधल्या एका प्रकरणाची आठवण झाली. ब्रिटिश एअरवेजच्या नादिया एवीडा यांनी २००६ मध्ये गणवेशावर क्रूस दिसेल असा घालायचा आग्रह धरला आणि त्यांना विनावेतन घरी बसावे लागले. इथल्या खपाऊ वृत्तपत्रांनी ‘ख्रिस्ती देशात क्रूसावर बंदी’ अशा सुरात ते प्रकरण लावून धरले आणि २००७ मध्ये कंपनीने नियम बदलला. मधल्या काळात गणवेश नसलेले कार्यालयीन काम त्यांना देऊ केले होते आणि ते त्यांनी नाकारले होते, हा तपशील त्या गदारोळात मागे पडला. जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच निकालात इतर तीन ख्रिस्ती कर्मचारी हरले. त्यांत क्रूसाचाच आग्रह धरणारी एक परिचारिका होती आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचे कारण न्यायालयाने मान्य केले. एक जिंकली, तीन हरले, हे वाचकाला कळायला निकाल वाचावा लागत होता.

फरक एवढाच की इथे निकाल वाचायला मिळतो. धर्म किंवा श्रद्धा यांवरून नोकरीत भेदभाव करण्याला २००३ पासून कायद्याने मनाई आहे, ती पुढे २०१० च्या समता कायद्यात आली, आणि रोजगार न्यायाधिकरणाचे निर्णय २०१७ पासून इंटरनेटवर खुले आहेत. बातमीदाराने उथळ बातमी दिली, तरी दुसऱ्या दिवशी कोणीही मूळ कागद उघडून दाखवू शकते. शिंगणापूरच्या बाबतीत असा कागदच जन्माला आलेला दिसत नाही.


देवगिरी

श्रमसंहिता यांचे उत्तर वाचले. देवस्थानाला हिंदू कर्मचारीच हवे असतील, तर त्यांनी तसा नियम उघडपणे करावा आणि त्याचे समर्थन करावे, असे माझे मत आहे. गैरहजेरीचे कारण दिले असेल, तर ते सिद्ध करावे, हेही मान्य. पण मग या कर्मचाऱ्यांनी न्यायालयात जायला काय हरकत होती?


श्रमसंहिता

हरकत कायद्याची नसते, परिस्थितीची असते. अशा कर्मचाऱ्याकडे बहुधा नेमणूकपत्र नसते. हजेरी मालकाच्या वहीत, पगार कधी बँकेत तर कधी रोख. काढल्याचा लेखी आदेशही प्रत्येकाला मिळतोच असे नाही. उद्यापासून येऊ नका, असे मुकादम सांगतो. अनुचित प्रथेची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते आणि त्या ९० दिवसांतले पहिले कित्येक आठवडे, गावातले कोणीतरी मध्यस्थी करेल, विश्वस्त परत घेतील, या आशेत जातात. न्यायालयात गेल्यास परतीची वाट बंद होईल, ही भीती असते, आणि लहान गावात ती अनाठायी नसते.

मुदत उलटली म्हणून सगळे संपले असे मात्र नाही. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय उशिरा आलेली तक्रारही दाखल करून घेऊ शकते. कामगारांविषयीचे जुने केंद्रीय कायदे एकत्र करणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, पण ही घटना त्याआधीची असल्याने जुन्या कायद्याखालचे हक्क आधी तपासावेत. ताई, तुमच्या तालुक्यातले कोणी संपर्कात असेल, मग ते ११४ जणांतले असो की ५३ जणांतले, तर त्यांना बँकेचे पासबुक, भविष्यनिर्वाह निधीची पावती, ओळखपत्र आणि कामाच्या वेळचे जे काही फोटो असतील ते एकत्र करायला सांगा. विलंब माफीचा अर्ज मी तयार करून देईन, त्यासाठी शुल्क घेणार नाही.


मुळाकाठ

सोनईतल्या दोन कुटुंबांशी बोलते. त्यांतले एक त्या ५३ जणांपैकी आहे. पासबुक दोघांकडेही आहे. ओळखपत्र एकाचे जमा करून घेतले आहे असे कळते. जमा करून घेतल्याची पोच मिळाली होती का, ते विचारून उद्या कळवते.